पाटीवर २४, जळगावात १५: छोट्या गाडीचं अ‍ॅव्हरेज जातं कुठे?

जळगावच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक लिटर इंजिनाची छोटी पेट्रोल गाडी घेतली. कंपनीचा आकडा लिटरला २४ किलोमीटरचा. पिंप्राळ्याहून नवी पेठेत दुकानावर जाणं-येणं, दुपारी जेवायला घरी, म्हणजे दिवसाला चार फेऱ्या. एप्रिल-मे मध्ये गाडी १४-१५ च्या वर जायला तयार नाही. महिन्यातून एकदा धुळ्याला जातात तेव्हा कधी १८, कधी २१-२२ पडतं. शोरूमवाले म्हणतात गाडी ठीक आहे. मित्र म्हणतो नव्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने वाट लावली. आणि ओळखीचा मिस्त्री म्हणतो इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे) साफ करून घ्या, थर्मोस्टॅट (इंजिनाचं पाणी अडवणारी झडप) काढून टाकू. खरं कोणाचं?

भाऊ, थर्मोस्टॅटला हात लावू देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू.

भुसावळला माझं गॅरेज आहे. कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० पासून हात काळे करतोय, त्याला सत्तावीस वर्षं झाली. ‘गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो: मोजलं कसं? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘मीटरवर दिसतं ना’, नाहीतर ‘पाचशेचं टाकलं होतं, तीन दिवस गेलं’. या दोन्हीवर गाडीचा न्याय करता येत नाही. डॅशबोर्डवरचा आकडा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून काढलेला अंदाज असतो, आणि माझ्या अनुभवात तो बहुधा दीड-दोन किलोमीटर चढाच दाखवतो. पाचशेच्या पेट्रोलमध्ये तर चार-पाच लिटरचाच हिशेब, त्यात अर्धा लिटर इकडेतिकडे झालं की दहा टक्के फरक पडला.

मोजायचं असं. टाकी फुल करा, नोझल स्वतःहून बंद पडलं की तिथेच थांबा. रक्कम पूर्ण करण्यासाठी वरून टकटक भरू देऊ नका. ट्रिप मीटर शून्य करा. टाकी पाव राहिली की त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलवर परत फुल करा आणि चाललेले किलोमीटर भागिले आत गेलेले लिटर. एकदा करून थांबू नका, सलग तीन टाक्या करा आणि तिन्हींची बेरीज करून भागा. पंपाच्या मापावर शंका असेल तर प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का मारलेलं ५ लिटरचं माप असतं. ते मागायचा आणि समोर मोजून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. मागितलं तर कोणी भांडण धरत नाही. ‘सकाळी थंडाव्यात पेट्रोल भरलं की जास्त येतं’ हे मात्र डोक्यातून काढा. पेट्रोल गरमीने फुगतं हे खरं, पण पंपाची टाकी जमिनीत खोल असते, तिथे सकाळ-दुपारचा फरक जवळजवळ पोहोचत नाही.

आता कंपनीच्या २४ कडे या. तो आकडा खोटा नाही. गाडी रोलरवर उभी करून, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालवून, सायलेन्सरमधून निघालेल्या धुरातल्या कार्बनच्या हिशेबाने तो काढतात. पुण्याची एआरएआय ही अशी चाचणी करणारी संस्था, म्हणून लोक ‘एआरएआयचं अ‍ॅव्हरेज’ म्हणतात. सगळी चाचणी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांच्या आतली. अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास. सगळ्यात जास्त वेग ताशी ९०, तोही थोडाच वेळ. हॉलचं तापमान २० ते ३० अंश, एसी बंद, वारा नाही, खड्डा नाही, मागच्या सीटवर मामा-मामी नाहीत. या परीक्षेत वॅगनआर, सेलेरिओ, ऑल्टो के१० या वर्गातल्या गाड्या २४-२५ काढतात. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला आहे. तुमच्या मे महिन्यातल्या जळगावशी त्याचा संबंध लावायला गेलात तर मनस्तापच होणार.

तुमची एक फेरी घेऊ. अंतर ४ किलोमीटर, वेळ पंधरा मिनिटं, त्यातली पाच मिनिटं सिग्नलला, रिक्षांच्या मागे किंवा दुकानासमोर जागा मिळेपर्यंत उभं राहण्यात. चालताना गाडी १८ चं देते असं धरलं तरी ४ किलोमीटरला साधारण २२० मिलिलिटर लागतं. आता उभं राहणं. एक लिटरचं इंजिन नुसतं उभ्या-उभ्या तासाला अर्धा लिटरच्या पुढेमागे पितं, आणि उन्हाळ्यात एसी पूर्ण ताकदीवर असला की तेच पाऊण ते एक लिटरपर्यंत जातं. पाच मिनिटांत पाऊणशे मिलिलिटर गेलं, आणि त्या पेट्रोलवर गाडी एक इंचही पुढे सरकलेली नाही. एकूण २९५ मिलिलिटर, म्हणजे लिटरला साडेतेरा. तुमचा आकडा इथेच सापडला. गाडीत बिघाड असायची गरजच नाही.

यात अजून एक गोष्ट धरलेली नाही. इंजिन थंड असताना गाडीतला कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, तेल घट्ट असतं, गिअरबॉक्सही जड फिरतो. इंजिनाला पुरतं गरम व्हायला चार-पाच किलोमीटर लागतात, आणि तेवढ्यात तुमचं दुकान येतं. मे महिन्यात हा त्रास कमी. डिसेंबरात, पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा हीच फेरी एसी बंद असूनही महाग पडते. लोक हिवाळ्यात म्हणतात, ‘आता तर एसीही नाही, तरी कमीच’. कारण हे.

उन्हाचं थोडं जास्त सांगतो, कारण आपल्याकडे तोच मोठा खर्च आहे. ४४-४५ अंशांत उघड्यावर उभी केलेली गाडी आतून भट्टी होते. लोक दार उघडतात, बसतात, काचा लावतात आणि एसी चारवर टाकतात. छोट्या गाडीचा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो, आणि साठ-पासष्ट घोड्यांच्या इंजिनातून तो त्याचा वाटा काढून घेतो. मोठ्या गाडीला तो वाटा जाणवत नाही, छोटीला जाणवतो. त्यापेक्षा चारही काचा उतरवा, गल्लीच्या तोंडापर्यंत तसंच जा, आतली वाफ निघून जाऊ द्या. मग काचा लावा, एसी लावा, आणि हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबा. बाहेरची ४५ अंशांची हवा सतत थंड करत बसण्यापेक्षा आतली ३० अंशांची थंड करणं कॉम्प्रेसरला सोपं. आणि जमेल तिथे निंबाखाली गाडी लावा. शंभर पावलं चालायला लागली तरी चालेल. एसी बंद ठेवून घामाघूम व्हा असं मी कोणालाच सांगत नाही. लहान लेकरं, म्हातारी माणसं गाडीत असतात, उष्माघाताने माणसं दगावतात. पेट्रोल त्याहून स्वस्तच आहे. हायवेवर तर काचा उघड्या ठेवून फार काही वाचत नाही. ८० च्या वेगाला आत शिरणारा वारा गाडीला मागे ओढतो, तिथे एसीच बरा.

आता थर्मोस्टॅट. गेल्या डिसेंबरात चाळीसगावकडचे एक गृहस्थ सकाळी गाडी घेऊन आले. शिक्षक आहेत, वहीत सगळ्या टाक्यांचा हिशेब लिहिलेला. हायवेवर २१ देणारी गाडी तीन महिन्यांपासून १६-१७ वर आली होती. प्लग नवे, एअर फिल्टर नवा, इंजेक्टरही साफ करून झाले होते, त्यात साडेतीन हजार गेले होते. मी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला आणि कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान पाहिलं. शंभर किलोमीटर चालून आलेली गाडी, आणि आकडा ६१. नीट चालणारं इंजिन ८५-९० च्या पुढे असायला हवं. थर्मोस्टॅटच्या झाकणाचे बोल्ट काढले, झाकण उचललं, तर आत नुसतं गॅस्केट. जिथे तो पितळी झडपेचा तुकडा बसतो ती खाच रिकामी, कडेला गंज धरलेली. उन्हाळ्यात गाडी गरम होत होती म्हणून कोणीतरी तो काढून फेकला होता.

थर्मोस्टॅट म्हणजे दाराशी बसलेला राखणदार. इंजिन ८०-९० अंशांपर्यंत जाईतोवर तो पाणी रेडिएटरकडे सोडत नाही, तापलं की उघडतो. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन कोमटच राहतं. कॉम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच सुरू झाली, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. हे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं, म्हणजे इंजिनाचं आयुष्यही जातं. खान्देशात ऊन जास्त म्हणून थर्मोस्टॅट नको, हा समज जुन्या गाड्यांपासून चालत आलाय आणि तो मला मनापासून खटकतो. गाडी खरंच गरम होत असेल तर कारण दुसरं असतं. रेडिएटरच्या जाळीत कापसाचा फुफाटा आणि माती बसलेली असते, पंखा उशिरा लागतो, कूलंटच्या जागी बोअरचं क्षाराचं पाणी भरलेलं असतं. ते शोधायचं सोडून राखणदारालाच हाकललं. त्या सरांच्या गाडीत नवा थर्मोस्टॅट टाकला, हजाराच्या आत काम झालं, कूलंट बदललं. पुढच्या दोन टाक्यांत गाडी परत २० च्या पुढे गेली. त्यांनी वहीचं पान मुद्दाम दाखवायला आणलं होतं.

तुमच्या गाडीचा थर्मोस्टॅट अजून जागेवर आहे ना, मग तो तिथेच राहू द्या. इंजेक्टर सफाईही आत्ता नको. पिकअप अडखळत असेल, सकाळी स्टार्टिंगला त्रास असेल, इंजिनाचा दिवा लागत असेल, तर बघू. दोन वर्षांच्या, सुरळीत चालणाऱ्या गाडीचे इंजेक्टर साफ केल्याने फायदा फक्त साफ करणाऱ्याचा.

एअर फिल्टरबद्दल ऐकून नवल वाटेल. कार्ब्युरेटरच्या काळात फिल्टर चोंदला की पेट्रोल वाढायचं, हे खरं होतं. आताच्या गाड्यांत सेन्सर आत आलेली हवा मोजतो आणि तेवढंच पेट्रोल सोडतो. फिल्टर चोंदला तर पिकअप मरतं, पण अ‍ॅव्हरेजवर फरक फार थोडा. तरी फिल्टर वेळेआधी बदला, कारण आपल्या काळ्या मातीची धूळ बारीक असते आणि आत गेली तर पिस्टनच्या रिंगा खाते. शेतरस्त्याने रोज जाणाऱ्याने पुस्तकात लिहिलेल्या निम्म्या किलोमीटरला बदलावा.

ऑइलचंही तसंच एक खूळ आहे. ‘आपल्याकडे गरमी आहे, दाट ऑइल टाका.’ नव्या छोट्या इंजिनांना कंपनी मुद्दाम पातळ ऑइल सांगते, ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सारखं. त्यांच्या फटी, त्यांचा पंप त्याच हिशेबाने केलेला असतो. त्यात २०डब्ल्यू-५० ओतलं की इंजिन प्रत्येक फेऱ्याला ते दाट तेल ढवळत बसतं. मॅन्युअलमध्ये जो नंबर आहे तोच टाका, बस.

चाकं मात्र स्वतः बघा, यासाठी मिस्त्री लागत नाही. पाच-सहा किलोमीटर चालवा, शेवटी जोरात ब्रेक न मारता थांबा. उतरून प्रत्येक चाकाच्या मधोमध, रिमजवळ उलटा हात धरा. डिस्कला हात लावू नका, भाजेल. पुढच्या दोन चाकांत एक कोमट आणि एक चटका देणारं असेल, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीये. पावसाळ्यात काळी माती कॅलिपरच्या (ब्रेक दाबणाऱ्या पकडीच्या) पिनांवर बसते, उन्हाळ्यात ती वाळून विटेसारखी होते. पिना साफ करून ग्रीस लावायचं अर्ध्या तासाचं काम. मी अशा गाड्या पाहिल्यात ज्या सपाट रस्त्यावर ढकलायला दोन माणसं लागत होती आणि मालक पेट्रोल पंप बदलत फिरत होता.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना भरा, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिली आहे तितकी. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल’ हे सांगणारे बरेच भेटतील, आणि हे धोक्याचं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दबते, दबून जास्त तापते, आणि तापलेलाच टायर फुटतो. कंपनीने आकडा देताना चालताना वाढणारा दाब धरलेला असतो. जाड टायर टाकले असतील तर तेही सांगा. रुंद टायर जास्त ओढ घेतो, आणि त्याचा घेर मोठा असेल तर मीटर किलोमीटरही कमी मोजतं, म्हणजे अ‍ॅव्हरेज खरं असतं त्याहून खराब दिसतं.

मित्राच्या इथेनॉलबद्दल. तो अगदीच चुकीचं बोलत नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असते. २० टक्के मिसळलं तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे साधारण साडेसहा-सात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या घडणीच्या चारचाकींसाठी ६-७ टक्के घट धरलेली आहे, आणि इंजिन त्या इंधनासाठी जुळवलेलं असेल तर १-२ टक्केच. आधी आपण १० टक्केवालं वापरतच होतो, त्यामुळे नव्याने जाणवणारी घट अजून कमी. पण सगळी सात टक्के धरली तरी २४ चे सव्वाबावीस होतात, १५ होत नाहीत. बाकीची सात किलोमीटरं तुमच्या चार फेऱ्यांत आणि एसीत आहेत.

आता धुळ्याचा रस्ता, ज्यावर कधी १८, कधी २१-२२ पडतं असं तुम्ही लिहिलंय. मला यात सगळ्यात जास्त रस आहे. वारा गाडीला अडवतो ती ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. ८० वरून १०० केलं की ती ओढ दीडपटीहून जास्त होते. छोटी गाडी उंच, खोक्यासारखी, त्यामुळे तिला हे मोठ्या सेडानपेक्षा जास्त लागतं. पारोळ्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की माणसाचा पाय आपोआप दबतो. तुम्ही ८०-८५ ला धरून चालवून बघा. ९० किलोमीटरच्या रस्त्यात ८० आणि १०० मध्ये फरक फार तर तेरा-चौदा मिनिटांचा, प्रत्यक्षात ट्रक आणि गावं धरून त्याहून कमी.

आणि वारा. मे संपता-संपता पश्चिमेचा वारा सुरू होतो, तो जून-जुलैत जोर धरतो. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच नाही लावल्या. जळगावहून धुळ्याला तुम्ही त्या वाऱ्याच्या तोंडात जाता. गाडी ८० ने आणि समोरून वारा २५ ने, म्हणजे गाडीला १०५ चा वारा लागतो, मीटर काहीही दाखवो. येताना तोच वारा पाठीला. तुमचे १८ आणि २२ हे त्याच गाडीचे, त्याच दिवसाचे असू शकतात. म्हणून हायवेचं अ‍ॅव्हरेज नेहमी जाऊन-येऊन मिळून काढा, एका बाजूचं धरू नका. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणीचं सामान आणायला म्हणून वर कॅरिअर लावला असेल तर तोही काम झालं की उतरवा, रिकामा कॅरिअरसुद्धा वारा धरतो.

उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो. कन्नडचा घाट असो, लळिंग असो, गिअर काढू नका. गिअरमध्ये राहून पाय वर घेतला की आताच्या इंजिनात इंजेक्टर पूर्ण बंद होतात. चाकंच इंजिन फिरवतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलं तर इंजिनाला चालू राहायला पेट्रोल लागतंच. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोल जास्त जातं आणि वर ब्रेकवर सगळा भार येऊन ते तापतात. घाटात तापलेला ब्रेक पाय दाबूनही धरत नाही. चाळीसगावच्या बाजूला उतरताना दरीकडे बघा, मग कळेल मी का ओरडतोय. शहरातही हाच नियम कामाला येतो. सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय उचला, गाडी गिअरमध्ये सरकत जाऊ द्या. आणि अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर, ऊन सोसवत असेल तर, इंजिन बंद करा.

लोहचुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या, महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, यांतलं काही घेऊ नका. तुमच्या इंजिनाला जास्त ऑक्टेनची गरज नाही, ते त्याचा काही उपयोगही करून घेत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर चार फेऱ्यांची गाडी मे महिन्यात १४-१५ देते हे मला ठीक वाटतं. दुपारची फेरी डबा नेऊन टाळता आली, किंवा ती दुचाकीवर केली, तर उन्हातल्या दोन फेऱ्या वाचतील, आणि तेवढी बचत कुठल्याच सर्व्हिसिंगमध्ये नाही. नुसतं उदाहरण म्हणून महिन्याला हजार किलोमीटर धरले तर १६ आणि १९ मधला फरक दहा लिटरचा आहे, म्हणजे हजार रुपयांच्या आसपास.

आधी चाकांना हात लावून बघा, हवा भरा, आणि तीन टाक्या वहीत लिहा. त्यात शहरातलं १३ च्या खाली किंवा धुळ्याचं जाऊन-येऊन १८ च्या खाली निघालं तर गाडी घेऊन या, स्कॅनर लावून कूलंटचं तापमान आणि ऑक्सिजन सेन्सर बघू. येताना वही आणा, आणि गाडी पंचवीस किलोमीटर चालून तापलेली असेल तशीच माझ्या दारात उभी करा, धुवून आणू नका.